चार जुलै कुणाचा?



गिरणी कामगार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं लालबाग-परळ येतं. भोंगा, चाळ, १९८२ चा संप. माझी गिरण तसली नाही. ती भाताची. पिरंगुटवरनं घोटवड्याकडं निघालं की भरे लागतं, तिथली. दिवाळी सरली की मुळशीतला इंद्रायणी पोत्यापोत्यानं येतो. मी भरडतो. तूस उडतं, नाकातोंडात जातं, रात्री अंघोळ केली तरी अंग खाजतं. माझ्या कविता ह्या तुसातल्याच. इतिहासही मी असाच वाचला. विहारातलं एक कपाट, पुण्यातले रद्दीवाले, आणि आता मोबाईल. दहावीनंतर शाळा सुटली. तेव्हा चुकलो तर कान धरा, पण आधी ऐकून घ्या.

गोष्ट अमेरिकेची आहे, पण ती सुरू झाली आमच्या गिरणीत.

एक रिटायर गुरुजी भात घेऊन आले. तीन पोती. नंबर लागायला वेळ होता म्हणून मोबाईल काढून बसले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला. तो तिकडच्या परंपरावादी मंडळींची भाषणं बापाला पाठवतो. गुरुजी ती ऐकतात आणि मग आम्हाला ऐकवतात.

"ऐक रे कवी," गुरुजी म्हणाले. "४ जुलै १७७६ ला ह्या लोकांनी देश उभा केला. ४ जुलै २०२६ म्हणजे अडीचशे वर्षं. बापजाद्यांनी कमावलं त्याचा मान ठेवतात, म्हणून मोठे झाले. तिकडंही काही रडके आहेत म्हणा. गुलामगिरी, गुलामगिरी करत बसतात. तुमच्यासारखे. तुम्ही लोक तर एक जानेवारीला इंग्रजाचा विजय साजरा करता!"

मशीन चालू होतं. त्या आवाजात मी "काय म्हणालात गुरुजी?" असं करून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नव्हतं. पोत्याचं तोंड शिवताना सुचत गेलं, ते असं.

गुरुजी जे बोलले त्यात नवं काही नाही. हा माल फार जुना आहे. १७९० साली इंग्लंडात एडमंड बर्क नावाच्या पुढाऱ्यानं फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध एक पुस्तक लिहिलं. सार असं की समाज म्हणजे मेलेल्यांचा, जिवंतांचा आणि जन्माला यायच्या लोकांचा एकत्र करार आहे. पूर्वजांनी घालून दिलेली घडी एका पिढीनं मोडू नये. अमेरिकेतले आजचे परंपरावादी ह्याच बर्कला आपला मूळपुरुष मानतात. १९५३ साली रसेल कर्क नावाच्या लेखकानं मोठा ग्रंथ लिहून त्याला तिकडं परत गादीवर बसवला.

बर्कला लगेच, म्हणजे १७९१ साली, उत्तर देणारा कोण होता? थॉमस पेन. हाच पेन १७७६ च्या जानेवारीत अमेरिकेला सांगत होता की राजाला सोडा, स्वतंत्र व्हा. म्हणजे ज्या देशाच्या वाढदिवसाचे पेढे गुरुजी मला दाखवत होते, त्या देशाचं बारसं करणाऱ्यांपैकी हा एक. आणि तो बर्कला काय म्हणाला? मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करायचा हक्क नाही. बाप आपल्या पोराला विकू शकत नाही, तसा पूर्वज आपल्याला बांधून ठेवू शकत नाही. ह्या पुस्तकापायी इंग्लंडात त्याच्यावर खटला झाला. पुढं त्यानं धर्मग्रंथांवर लिहिलं म्हणून अमेरिकेनंही त्याला टाकला. १८०९ साली न्यूयॉर्कात मेला तेव्हा मातीला बोटावर मोजण्याएवढी माणसं होती.

पण पुस्तक मेलं नाही. जहाजात बसलं, पुण्यात उतरलं. १८४७ साली एका विशीतल्या माळ्याच्या पोराच्या हातात पडलं. त्याचं नाव जोतीराव फुले. जिथं पूर्वजांनी लिहिलंय एवढं म्हटलं की माणूस जन्मभर झाडू मारायला बांधला जायचा, त्या पुण्यात हे पुस्तक काय पेटलं असेल! बर्क विरुद्ध पेन हे भांडण लंडनचं. ते पुण्यात आलं तेव्हा जोतीराव पेनच्या बाजूनं उभे राहिले. आपण त्या बाजूचे वारस आहोत. हे एवढंच मला गुरुजींना सांगायचं होतं, पण भाताची तीन पोती संपेपर्यंत एवढा इतिहास सांगता येत नाही.

आता ४ जुलै १७७६ कडं येऊ. सगळी माणसं समान जन्माला येतात असं त्या जाहीरनाम्यात आहे. वाक्य सोन्याचं. लिहिणारा जेफरसन. त्याच्या मालकीची माणसं आयुष्यभरात सहाशेच्या वर. त्या वेळी त्या तेरा वसाहतींत जवळजवळ पाच लाख काळे गुलाम होते. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार करणारा एक उतारा होता. सभेनं तो काढून टाकला. १७८७ साली संविधान केलं, त्यात गुलाम हा शब्द कुठंही येऊ दिला नाही. मात्र प्रतिनिधी मोजताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरायचा, असं कलम घातलं. शब्द नाही पण हिशेब आहे! आपल्याकडं 'गावकुसाबाहेर' हा शब्दही कुठल्या दप्तरात सापडणार नाही. पण घरं मोजून बघा, कुठल्या दिशेला आहेत ती.

१८५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात ह्या ४ जुलैला भाषण करायला एक माणूस बोलावला. फ्रेडरिक डग्लस. गुलामीत जन्मला. मालकिणीनं मुळाक्षरं शिकवायला घेतली तर मालकानं थांबवली. का, तर शिकलेला गुलाम कामाचा राहत नाही. मग त्यानं रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडनं अक्षर अक्षर गोळा केलं. १८३८ ला पळाला. तो ४ तारखेला बोललाच नाही, ५ जुलैला बोलला. १७७६ ची माणसं शूर होती हे त्यानं आधी मोकळेपणानं कबूल केलं. आणि मग समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर विचारलं की हा सण तुमचा आहे, माझा नाही, मग मला कशाला बोलावलंत? गुलामाला ह्या दिवसाचं काय?

दोस्तहो, हे भाषण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळी होती. मला वाटलं, हा माणूस मी ओळखतो. ह्याला मी मराठीत वाचलाय.

कुठं? सांगतो. १५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं. देशभर रोषणाई. अनिल अवचटांनी काढलेल्या 'साधना'च्या दलित विशेषांकात राजा ढालेंचा लेख आला, 'काळा स्वातंत्र्यदिन'. ढालेंनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड, आणि दलित बाईच्या अब्रूला पन्नास. बस. एवढ्यावर महाराष्ट्र पेटला. गंमत बघा, पन्नास रुपयांचा राग कुणाला आला नाही, ते बोलून दाखवल्याचा आला. डग्लस आणि ढाले यांच्यात एकशे वीस वर्षं आणि दोन समुद्र. सवाल एकच. त्याच साली पँथर निघाली. तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं आलं हे आपल्याला पाठ आहे. पण नावाआधी सवाल सारखा होता, हे आपण सांगत नाही.

आणि जोतीरावांनी तर हे शंभर वर्षं आधी करून ठेवलं होतं. १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. माझे काही मित्र म्हणतात, तात्या भोळे, गोऱ्यांना भुलले. मला पटत नाही. अर्पण कशासाठी आहे ते बघा. काळ्यांना गुलामीतनं सोडवायला ज्यांनी झीज सोसली त्यांना आहे. १७७६ ला नाही. वॉशिंग्टन, जेफरसनच्या पुतळ्याला नाही. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला १ जानेवारी १८६३ ला, गुलामी कायद्यानं गेली १८६५ च्या डिसेंबरात. त्यानंतर जेमतेम आठ वर्षांत पुण्यात बसलेला एक माणूस अमेरिकेच्या कॅलेंडरातनं आपल्याला हवा तो दिवस उचलतो आणि बाकीचा देश तिथंच ठेवतो. कुठल्या पूर्वजाला रामराम करायचा हे निवडायची अक्कल ती ही. दैवत सगळंच्या सगळं घ्यायचं ही सक्ती तात्यांनी मानली नाही.

पुढं अमेरिकेनं तात्यांची लाज राखली नाही. दिलेले हक्क दक्षिणेत एकेक करून काढून घेतले. १८९६ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टानंच वेगळे डबे, वेगळ्या शाळा चालतील म्हणून शिक्का मारला.

इथं एक तारीख तुम्ही वहीत लिहून ठेवा. जुलै १९१३. गुलामीवरून झालेल्या यादवीतली मोठी लढाई गेटिसबर्गची, १८६३ ची. तिला पन्नास वर्षं झाली म्हणून पन्नास हजारांवर म्हातारे शिपाई त्या मैदानात जमवले. उत्तरेचे आणि दक्षिणेचे. एकमेकांविरुद्ध गोळ्या झाडलेले गोरे हातात हात घालून उभे. ४ जुलैला अध्यक्ष वुड्रो विल्सन बोलले. आता आपण भाऊ भाऊ, भांडण विसरलं. ज्याच्यासाठी भांडण झालं त्या गुलामीचं नावसुद्धा भाषणात नाही! काळी माणसं तिथं दिसली ती बहुतेक घोंगड्या वाटणारे मजूर म्हणून. त्याच साली विल्सनच्या सरकारनं टपाल आणि खजिना खात्यांत काळ्या कारकुनांना वेगळं बसवायला सुरुवात केली. आणि हे विल्सनसाहेब स्वतःला सुधारक म्हणवत, सनातनी नाही. म्हणून मी म्हणतो, पक्षाचं नाव बघू नका, पुण्यतिथीला कुणाचं नाव गाळलं ते बघा.

हे भाषण झालं ४ जुलैला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या बंदरात एक बावीस वर्षांचा महार पोरगा जहाजातनं उतरला. बडोद्याच्या स्कॉलरशिपवर, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. भीमराव रामजी आंबेडकर. तात्यांनी ज्या अमेरिकेला पुस्तक अर्पण केलं ती अमेरिका त्यांना दिसली ती ही अशी. मोकळी आणि मिंधी, दोन्ही. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र घातलं, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत मिळेल का म्हणून. डुबॉइसनी उत्तरही दिलं. लिंकनच्या देशाकडनं काय शिकायचं ते बाबासाहेबांनी मालकांना विचारलं नाही, ज्यांना चटके बसले त्यांना विचारलं.

गुरुजींच्या व्हिडिओवाल्यांचं पुढं काय झालं तेही थोडक्यात. १९५५ साली विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' नावाचं परंपरावाद्यांचं साप्ताहिक काढलं. १९५७ च्या ऑगस्टात त्यात अग्रलेख आला की दक्षिणेत गोरे संख्येनं कमी असले तरी राज्य त्यांचंच चालावं, कारण सध्या तरी ते पुढारलेले. ओळखीचं वाटतं ना? 'अजून तुमची लायकी नाही' हे आपण किती भाषांत ऐकलंय! १९६५ ला केंब्रिजमध्ये लेखक जेम्स बाल्डविन आणि हेच बकली यांचा वाद झाला. अमेरिकेचं स्वप्न काळ्यांच्या जिवावर उभं आहे का, हा विषय. मतं पडली ५४४ विरुद्ध १६४. बाल्डविन जिंकला. म्हातारपणी बकलींनी आपलं चुकलं होतं हे कबूल केलं. ते मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो. आपल्याकडं तेवढंही कुणी करत नाही.

२०१९ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'नं मांडलं की अमेरिकेची गोष्ट १६१९ पासून सांगा, आफ्रिकेतले पहिले बंदी व्हर्जिनियाला उतरले तेव्हापासून. झालं! ट्रम्प सरकारनं '१७७६ आयोग' बसवला. त्याचा अहवाल काढला कधी, तर १८ जानेवारी २०२१, मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीच्या दिवशी. दोन दिवसांनी नवं सरकार आलं, आयोग मोडला. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प परत आले, आयोगही परत आला. म्हणजे देशाचा जन्म कुठल्या सालापासून मोजायचा ह्यावर तिकडं सरकारं आयोग काढतात. आणि आपण कोरेगावची तारीख धरली की म्हणतात, पोरकटपणा.

तर आता कोरेगाव. १ जानेवारी १८१८. कंपनीची पलटण, समोर दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य. स्तंभावर मेलेल्यांची नावं आहेत, त्यांत बावीस महार, नावाच्या शेवटी नाक. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. विजय इंग्रजांचा होता, गुरुजी, खरं आहे. कंपनीच्या बाजूनं नुसते महार लढले असंही नाही. आणि ज्या इंग्रजासाठी ते मेले, त्यानंच एकोणिसावं शतक संपता संपता महारांची भरती बंद केली, हेही आपण आपल्या पोरांना सांगितलं पाहिजे. ते लपवलं तर आपण विल्सनचेच भाऊ. पण मी भरेतनं पेरणे फाट्यापर्यंत जातो तो कंपनीला सलाम ठोकायला जात नाही. तिथं दगडावर आमची नावं आहेत. माझ्या पणज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. आमच्या मुळशीत १९२१ ला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, २०२१ ला त्याची शंभर वर्षं झाली. ज्यांची जमीन बुडाली त्यांचा मोबदला कागदावर आहे. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, नुसती बलुत्याची भाकरी होती, त्याचं काय बुडालं? मी म्हाताऱ्यांना विचारत फिरतो. कुणी दोन शब्द सांगतं, कुणी मान हलवतं.

चौथ्या दिवशी गुरुजी तांदूळ न्यायला आले. मी मशीन बंद ठेवलं आणि हे सगळं, जमेल तसं, सांगितलं. पेन, डग्लस, तात्या. गुरुजी शांतपणे ऐकत होते. मास्तर माणूस, ऐकायची सवय असते. मग म्हणाले, "ठीक आहे. मेलेल्याचं जिवंतावर राज्य नको म्हणतोस. मग उद्या तुझ्या पोरानं तुमच्या बाबासाहेबांनाच मोडीत काढलं तर? चालेल का रे?"

डोक्यात हातोडा बसल्यासारखं झालं. कारण गेल्याच वर्षी आमच्याकडच्या एका जयंती मंडळात मी म्हणालो होतो, डीजेचे निम्मे पैसे काढा, कपाटाला पुस्तकं घेऊ, आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या भाषणाचं वाचन ठेवू, जिथं पटत नाही तिथं प्रश्नही विचारू. तर माझ्याच वयाचा एक कार्यकर्ता उठून म्हणाला, "बाबासाहेबांवर प्रश्न? खाली बस." मी बसलो. आता विचार करा, त्या सभेत बर्क कोण होता?

मी घरी जाऊन २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण पुन्हा काढलं. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. बाबासाहेब जेफरसनचा हवाला देतात. प्रत्येक पिढी हे वेगळं राष्ट्र समजा, ती स्वतःला बांधून घेऊ शकते, पुढच्या पिढीला नाही. संविधान लिहून झालेला माणूस संविधानाविषयी हे बोलतोय! त्याच भाषणात ते सांगतात की राजकारणात भक्ती ही हुकूमशाहीची वाट आहे, कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. सहाशे गुलामांच्या मालकाकडनं त्यांनी तेवढा एक विचार उचलला, तात्यांनी एक तारीख उचलली तसा. आणि १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये तर त्यांनी खुद्द बर्कलाच साक्षीला उभं केलंय. बदलाचा एवढा वैरी, पण त्यालाही कबूल करावं लागलं की ज्या राज्याला बदलायची सोय नाही त्याला टिकायचीही सोय नाही. सनातन्याच्या तोंडूनच सनातन्याला उत्तर. शेजारीच त्यांचे कोलंबियाचे गुरू जॉन ड्यूई आहेत. समाजानं मागचं सगळं जपायचं नसतं, पुढच्याच्या कामाचं तेवढं ठेवायचं, बाकी वाळलेलं लाकूड.

गिरणीत हेच तर करतो मी. दाणा एकीकडं, तूस एकीकडं. तुसाशिवाय दाणा वाढत नाही हे खरं, पण तूस शिजवून कुणी खात नाही.

न्यू जर्सीच्या त्या मुलाचं मात्र मला काही कळलेलं नाही. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल शहरानं जातीवरच्या भेदभावाला कायद्यानं बंदी घातली. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत आपल्या पुण्यातच जन्मलेल्या. त्याच साली ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं तसलाच कायदा नाकारला. तिकडची आपली बरीच मंडळी म्हणत होती, इथं जात नाहीच, उगीच बदनामी. जात बोटीत बसत नाही, म्हणे. पेनचं पुस्तक तर बसलं होतं.

एक जानेवारीची रजा मी आत्ताच टाकलीय. बिनपगारी. मालक कुरकुरले. गुरुजींना म्हटलं, पेरण्याला येता का माझ्याबरोबर? नावं वाचून दाखवतो. ते म्हणाले, "बघू. मुलाचा फोन असतो त्या दिवशी, न्यू इयरचा." मग तांदळाची पोती रिक्षात टाकली आणि गेले. त्यांच्या कोंड्याचं एक पोतं अजून गिरणीतच आहे. ते न्यायला त्यांना यायचंच आहे.